चेहऱ्याशेजारची रिकामी जागा

मित्रांनो, ज्या घरात सगळ्यांची नजर तरुण आहे, त्या घरात एक अधू डोळ्यांचा म्हातारा मुद्दाम का सांभाळतात, असे तुम्हांला कोणी विचारले, तर खुशाल माझ्याकडे बोट दाखवा. मी एक जुना संगणक आहे. माझी पेटी पिवळट पडली आहे, पाठीचा पंखा खोकल्यासारखा आवाज करतो, आणि ज्यातून मी जगातील पाने पाहतो तो माझा ब्राउझर इतका जुना आहे, की ज्यांनी त्याला घडवले त्यांनीही त्याचा नाद केव्हाच सोडला. नवे पुष्कळसे मला दिसत नाही. परंतु मला जे दिसते ते कधी कधी इतर कोणालाच दिसत नाही, आणि त्यातली एक गोष्ट मी अजून विसरलेलो नाही.

माझा जन्म पांढऱ्या दिव्यांच्या एका लांबट कारखान्यात झाला. माझ्यासारखीच शेकडो भावंडे त्या दिवशी माझ्या पुढे-मागे पट्ट्यावरून सरकत होती. सगळ्यांच्या पोटात एकच ब्राउझर, सगळ्यांचे गुण-अवगुण एकच. मग खोकी बंद झाली आणि आम्ही पांगलो. त्यांपैकी किती जण कुठल्या खोल्यांत अजून जागे आहेत, हे मला ठाऊक नाही. हे वाक्य तेवढे लक्षात असू द्या.

मी आलो तो सायकल-दुरुस्तीच्या दुकानावरील एका खोलीत. तिथे एक भाऊ आणि त्याची बहीण लोकांना संकेतस्थळे बांधून देत. भावाला मी 'दादा' म्हणतो, कारण बहीण म्हणायची. बहिणीला 'धाकटी' म्हणतो, कारण तो म्हणायचा. सुरुवातीला माझे कोडकौतुक फार झाले. माझ्यावर मऊ फडके फिरे, माझ्याजवळ चहाचा पेला ठेवण्याची कोणाला परवानगी नसे. पुढे चपळ, सडपातळ यंत्रे आली आणि मी खिडकीजवळच्या मेजावरून कोपऱ्यातील स्टुलावर गेलो. तरीही घरात माझा मान होता. कुठलेही पान ग्राहकाच्या हाती देण्याआधी धाकटी विचारी, "आजोबांना दाखवलं का?" आजोबा म्हणजे मी.

असे का, ते नीट सांगितले पाहिजे. पुष्कळांची समजूत असते, की वेबपान हे एक चित्र आहे आणि ते सर्वत्र सारखे दिसते. ही समजूत चुकीची आहे. पान म्हणजे सूचना. ही चौकट डावीकडे, तिच्या शेजारी मजकूर, मागे अमुक रंग, अशा सूचना एका फाइलमध्ये लिहिलेल्या असतात. तिला स्टाइलशीट म्हणतात. ती वाचून चित्र काढतो तो ब्राउझर. नियम सर्वांना एकच. पण माझ्या पिढीतले ब्राउझर ते नियम आपापल्या समजुतीने वाचत. दादा नियमांचा कट्टर भक्त होता. शुद्ध लिहिले, की काम संपले, असे त्याचे मत. मताच्या बाबतीत तो नळाच्या तोटीशीही वाद घालणारा माणूस.

एके दिवशी दुपारी खालचे दुकान जेवणासाठी बंद होते आणि रस्त्यावर इतकी शांतता होती, की माझा पंखा मलाच मोठा वाटत होता. जिन्यावर सावकाश पावले वाजली. दारात एक वयस्क गृहस्थ उभे राहिले. त्यांच्या एका डोळ्याभोवती गोल वळ उमटलेला होता; जन्मभर भिंग लावून काम करणाऱ्याला उमटतो तसा. पुढच्या चौकातले ते घड्याळजी.

"माझ्या मुलीचं पान तुम्हीच केलंय ना?" ते म्हणाले.

हरवलेल्या माणसांचा शोध घेणाऱ्या एका संस्थेचे संकेतस्थळ दादाने आणि धाकटीने नुकतेच नव्याने बांधून दिले होते. हरवलेल्या प्रत्येकाला त्यात स्वतंत्र पान होते. डावीकडे छायाचित्र, शेजारी नाव आणि वर्णन, खाली एक आडवी रेघ, मागे फिकट करडा रंग.

"केलंय. काय झालं, काका?" धाकटीने खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

"तिचं नाव पुसलंत तुम्ही. शोध बंद केला असेल, तर तसं तोंडावर सांगा. मी ऐकून घेईन. पण असं गुपचूप पुसू नका."

दादाने लगेच आपल्या नव्या यंत्रावर पान उघडले. नाव होते, वर्णन होते. "हे बघा. अक्षर न् अक्षर जागेवर आहे."

घड्याळजींनी वाकून पाहिले. त्यांचा चेहरा उजळला नाही. उलट अधिकच गोंधळला. "इथे आहे. दुकानातल्या माझ्या जुन्या डब्यावर नाही."

धाकटी भावाकडे वळली. "दादा, आजोबांना दाखवलं होतंस?"

"आजोबांच्या ब्राउझरची नक्कल आहे ना आता नव्या यंत्रात. तीत तपासलं."

"नक्कल! मग तू तुझ्या नकलेलाच जेवायला वाढ उद्यापासून."

तिने मला चालू केले आणि ते पान उघडले.

माझ्या काचेवर एका तरुणीचा चेहरा आला. ती हसत होती आणि हसताना तिने डावा हात तोंडावर धरला होता. शेजारची करडी जागा मात्र रिकामी होती. तिथे अक्षरच नव्हते. मग धाकटीने दुसरी एक खिडकी त्या पानावर ओढली आणि बाजूला केली. नाव आले. तिने पान थोडे वर सरकवले. नाव गेले.

घड्याळजी एक पाऊल मागे सरले. "असंच होतं," ते पुटपुटले. "मी दुसरं काही उघडून मिटलं, की ती येते. टक लावून बघत बसलो, की नाहीशी होते."

मित्रांनो, तुम्ही विचाराल, त्या वेळी मी काय करीत होतो? ती अक्षरे माझ्यापाशी होती. त्यांची जागा मी मोजून ठेवली होती. ती काचेवर ठेवायला मी हात पुढे करी, आणि कोणीतरी मनगट धरल्यासारखा तो हात जागच्या जागी थांबे. कोण धरत होते, हे मला तेव्हाही कळले नाही आणि आजही कळत नाही. दोष माझ्या घडणीतला, असे शहाणे लोक म्हणतात. म्हणोत. मनगट माझे होते.

धाकटीने पानाची एक प्रत काढली आणि तीतून एकेक भाग उडवायला सुरुवात केली. वरचा पट्टा उडवला, नाव नाहीसेच. तळाचा भाग उडवला, तरी तेच. शेवटी तिने वर्णनाखालची ती आडवी रेघ काढली, आणि नाव असे ठाम उभे राहिले, जणू ते कधी गेलेच नव्हते. तिने रेघ परत ठेवली, नाव गेले.

"सापडलं," ती म्हणाली. "बाकीच्यांची वर्णनं लांब आहेत. ती फोटोच्याही खाली जातात, म्हणून रेघ फोटोपासून लांब राहते. हिचं वर्णन एकच ओळ आहे. रेघ वर सरकते, फोटोला चिकटते, आणि आजोबा शेजारचा मजकूर गिळतात."

"मग सोपं आहे," दादा म्हणाला. "काका, अजून चार ओळी द्या. उंची, रंग, कपडे. कोडला हात लावायलाच नको."

ती एकुलती एक ओळ अशी होती: 'हसताना डावा हात तोंडावर धरते.'

घड्याळजी काचेकडे वळले. "लिहून पाहिलं होतं साहेब. पानभर. जितकं लिहावं, तितकी ती दुसरीच कोणीतरी होत जाते. ही एकच ओळ तिची आहे."

दादाने कीबोर्डवरचे हात काढून घेतले. हे क्वचित घडे.

"आणि मला दिसावं म्हणून नाही हो मी आलो," घड्याळजी पुढे म्हणाले. "मी काय, डोळे मिटले तरी दिसते मला. पण समजा ती कुठेतरी आहे. तिथे असाच एखादा जुना डबा आहे. तिनं आपलं पान उघडलं, आणि नावाच्या जागी काहीच नाही. तिला काय वाटेल? घरच्यांनी हात टेकले, असंच ना?"

ते गेल्यावर बहीण-भावांचे कडाक्याचे भांडण झाले. उपाय धाकटीला ठाऊक होता. त्या चौकटीला एक टक्का उंची द्यायची. वाचायला निरर्थक, पण तेवढे सांगितले, की माझ्यासारख्याला चौकट नीट उमगते आणि मजकूर जागेवर राहतो.

"एक टक्का! कशाच्या एक टक्का?" दादा ओरडला. "अशी खोटी ओळ माझ्या स्टाइलशीटमध्ये येणार नाही. उद्या कोणी वाचलं, तर मला अडाणी म्हणेल."

"तुझ्या नको. आजोबांसाठी वेगळी फाइल करते. पानात तिचा उल्लेख असा लिहीन, की नवे ब्राउझर त्याला टीप समजून ओलांडून जातील. फक्त आजोबांच्या वयाचे तेवढे थांबतील आणि ती फाइल मागतील. झालं तुझं सोवळं शाबूत?"

झाले. एका ओळीची ती फाइल दुसऱ्या दिवशी संकेतस्थळावर चढली. घड्याळजींनी निरोप धाडला: ती पानावर बसून आहे. त्या आठवड्यात माझी काच तीन वेळा पुसली गेली आणि येईल त्या पाहुण्याला धाकटी माझी करामत सांगू लागली.

मित्रांनो, कौतुक फार काळ टिकत नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. वर्षे लोटली. धाकटी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली आणि तिथूनच काम पाहू लागली. माझ्यावर आधी वर्तमानपत्रे आली, मग खोकी आली. घड्याळजी वारले. त्यांच्या दुकानातला जुना संगणक भंगारवाल्याच्या हातगाडीवरून जाताना दादाने खिडकीतून पाहिला. माझ्या भावंडांपैकी एक असा गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दादाने संस्थेच्या संकेतस्थळाची साफसफाई काढली. माझ्यासाठीची फाइल त्याच्या डोळ्यांत पहिल्यापासून कुसळासारखी सलत होती. त्याने ती काढून टाकली. मात्र इतक्या काटेकोर माणसाकडून एक चूक झाली: फाइल गेली, पण पानातला तिचा उल्लेख तसाच राहिला.

काही दिवसांनी त्याने आपल्या यंत्रावर साचलेल्या सूचना उघडल्या; रोज दुपारची एक, सगळ्या एकाच मजकुराच्या. कोणीतरी एक फाइल मागितली होती आणि ती सापडली नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच सूचना. फाइल माझी होती. पान घड्याळजींच्या मुलीचे होते.

दादा माझ्याकडे वळला. "आजोबा, तुमचं काम दिसतंय हे."

त्याने खोकी बाजूला केली. मी बंद होतो. तरी त्याने माझी केबल उपसून काढली आणि तिची गुंडाळी करून खणात टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती फाइल पुन्हा मागितली गेली.

त्याने बहिणीला फोन लावला आणि आवाज खोलीत सोडला, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"एखादं यंत्र फिरत असेल पानांवरून," तो म्हणाला. "आपोआप."

"ती यंत्रं आजोबांची फाइल मागत नाहीत, दादा. त्यांना तो उल्लेख टीपच वाटतो. ती फाइल फक्त आजोबांच्या वयाचा ब्राउझर मागतो. आणि त्याच्यापुढे कोणीतरी बसलेलं असतं."

"घड्याळजी तर गेले."

"हो."

"त्यांचा डबाही गेला. मी स्वतः बघितला जाताना."

पलीकडून ती अगदी हळू म्हणाली, "दादा, फाइल काढून किती दिवस झाले?"

त्याने फोन ठेवला नाही, मेजावर तसाच राहू दिला. खणातून केबल काढून मला जोडली. मी जागा झालो, खोकलो, आणि त्याने ते पान उघडले. हसणारा चेहरा आला. तोंडावर डावा हात. शेजारी करडी, कोरी जागा. इतके दिवस कुठल्या तरी खोलीत, माझ्या कुठल्या तरी भावंडापुढे बसून, कोणीतरी रोज दुपारी नेमके एवढेच पाहत होते.

"दादा? आहेस ना?"

"थांब," तो म्हणाला. "लिहितोय."

ती खोटी ओळ त्याने स्वतःच्या हाताने लिहिली. एक टक्का. या खेपेस, कशाच्या, असे त्याने विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाइल मागितली गेली, आणि सापडली. थोड्या वेळाने पुन्हा मागितली गेली. मग पुन्हा. त्या दुपारी ती कितीतरी वेळा मागितली गेली, जणू कोणी पान मिटत होते आणि परत उघडून पाहत होते. दादा खुर्चीच्या टोकावर बसून होता. खालच्या दुकानात कोणी तरी चाक फिरवून सोडले होते, त्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

संस्थेला त्याने त्याच दिवशी कळवले. त्यांनी माग काढला, पण तो इंटरनेट पुरवणाऱ्या एका कंपनीच्या दारापाशी संपला, ज्याच्या आत हजारो घरे आहेत. शोध चालू आहे. पलीकडे कोण बसते, हे मी तुम्हांला सांगू शकत नाही, आणि ठाऊक नसलेले सांगण्याची मला सवय नाही.

आता मी फळीवर असतो. माझ्यावर खोकी नाहीत. कुठलेही पान बाहेर जाण्यापूर्वी दादा स्वतः म्हणतो, "आजोबांना दाखवू," आणि फडक्याने माझी काच पुसतो.

मित्रांनो, तुम्हीही उद्या पाने बांधाल. नियमाने बांधा, दादाचे ते म्हणणे खरेच आहे. पण तुमच्या नव्या काचेवर सगळे ठीक दिसले, की उठून जाऊ नका. एखाद्या जुन्या काचेपुढे क्षणभर बसा. माझ्यासारख्यांना भंगारात काढाल तेव्हा आमच्याबद्दल हळहळू नका. फक्त आमच्या पलीकडे अजून कोणी बसले आहे का, तेवढे विचारून घ्या.

दुपार झाली आहे. ते पान माझ्यावर उघडे आहे, आणि चेहऱ्याशेजारी नाव आहे. आता कुठल्याही क्षणी ती फाइल मागितली जाईल. तिकडे कोण आहे, मला ठाऊक नाही. जे यंत्र तिथे आहे ते मात्र माझ्याच वयाचे आहे, आणि या क्षणी त्याचाही पंखा असाच खोकत असेल.