मधले तीन रविवार

ऑफिसात घड्याळबाईंना कोणी सहज म्हणून वेळ विचारत नसे. विचारलीच, तर बाई आधी चष्मा कपाळावर सरकवून उलट विचारत, "कुठली?" कामच तसं होतं त्यांचं. त्यांची कंपनी फोनवर दुभाषे पुरवायची. एका देशात डॉक्टर, दुसऱ्या देशात पेशंट आणि त्यांच्या मधला दुभाषा तिसऱ्याच देशात. या तिघांना नेमक्या एका क्षणी फोनवर आणून बसवायचं, तेही कोणाला झोपेतून न उठवता आणि कोणाला भरल्या ताटावरून न हलवता. कॉम्प्युटर हे सगळं करत असे, पण बाई तरीही लांबट वहीत हातानं हिशेब मांडून पुन्हा ताडून पाहायच्या. "त्याच्यावर माझा विश्वास आहे हो," त्या म्हणत, "आणि लक्षही आहे." एकोणीस वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती, आणि या गोष्टीचा त्यांना मनातून चांगलाच तोरा होता.

दरवर्षी वसंत सुरू होताना त्या फळ्यावर एक लाल चिठ्ठी लावत: 'तीन आठवडे सावध.' कारण असं, की उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे करायची पद्धत इथेही होती आणि पश्चिमेकडच्या काही देशांतही, पण ते लोक इथल्यापेक्षा तीन आठवडे आधी काटे सरकवून मोकळे व्हायचे. मग एरवी सात तासांचं असलेलं अंतर त्या तीन आठवड्यांपुरतं सहा तासांचं व्हायचं. चांगले शिकलेसवरलेले लोक तिथे हमखास गोता खात.

आणि त्या वर्षी, सगळ्या ऑफिसला सावध करून झाल्यावर, घरी येऊन गोता खाल्ला तो खुद्द बाईंनी.

घरी त्या एकट्याच. दुसऱ्या मजल्यावरचा नीटनेटका फ्लॅट, बैठकीच्या खोलीत वडिलांच्या वेळचं लंबकाचं घड्याळ. ते चार मिनिटं मागे चालायचं आणि टोले देताना चौथ्या टोल्याला घसा बसल्यासारखं व्हायचं. बाईंनी ते मुद्दाम दुरुस्त केलं नव्हतं. घड्याळाखाली फोन, आणि त्या फोनवर दर रविवारी संध्याकाळी पाचला ताईशी बोलणं. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. सव्वीस वर्षांपूर्वी लग्न होऊन तिकडे सात तास मागच्या गावी गेलेली. चार वर्षांपूर्वी तिचे यजमान वारले तेव्हापासून तीही एकटीच, आणि तिचं फुलांचं दुकान होतं. इथे पाच म्हणजे तिकडे सकाळचे दहा. साडेदहाला ताई घर सोडायची, अकराला दुकान उघडायचं. म्हणायला अर्धा तास, पण ताईच्या हातात किल्ल्या आधीच वाजत असायच्या, आणि सातव्या-आठव्या मिनिटाला "बरं, ठेवते गं" व्हायचंच. इकडे राहायला ये, असं बाई कधी म्हणाल्या नव्हत्या. थोरल्या बहिणीनं आधी "येऊ का?" म्हणावं, मग आपण "ये" म्हणावं, असं काहीतरी त्या मनाशी धरून बसल्या होत्या.

त्या तीन आठवड्यांतल्या पहिल्या रविवारी त्यांनी सवयीनं पाचलाच फोन लावला. एका रिंगमध्ये उचलला गेला.

"बोल छोटे," ताई म्हणाली.

किल्ल्यांचा आवाज नव्हता. "घाईत नाहीस ना?" बाईंनी विचारलं.

"कसली घाई? वेळच वेळ आहे."

बाईंना इतकं बरं वाटलं, की त्या चक्क पाय वर घेऊन बसल्या. चार मिनिटांनी भिंतीवर पाचाचे टोले पडले आणि रिसीव्हरमधूनही ऐकू आले, चौथा तसाच घसा बसलेला. आवाज तिकडे जाऊन परत येत असेल, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं. मिशा असलेल्या शाळामास्तरीणबाईंपासून शेजारच्या गळक्या नळापर्यंत चाळीस मिनिटं गप्पा झाल्या. आईच्या शिवणयंत्राची सुई मोडल्याबद्दल लहानपणी बाईंनी मार खाल्ला होता; ताई हसत हसत म्हणाली, "ती सुई मीच मोडली होती गं." पन्नास वर्षांनी न्याय मिळाला म्हणून बाई रात्रीपर्यंत खुशीत होत्या.

बुधवारी ताईचा मेसेज आला. 'रविवारी फोन का नाही केलास? साडेदहापर्यंत वाट पाहून निघाले.'

बाईंनी बोटांवर मोजलं, मग वहीत मोजलं. पाच वजा सहा. आपण तिकडच्या अकराला फोन केला होता. अकराला ताई दुकानात होती. घराला कुलूप होतं.

दुसऱ्या रविवारी त्यांनी शहाण्यासारखा चारला फोन लावला. किल्ल्या वाजत होत्या. सात मिनिटांत संपलं. मग बाई तासभर खुर्चीत बसून राहिल्या. पाचाला थोडं कमी असताना त्यांनी स्टुलावर चढून घड्याळाचा लंबक बोटांनी थांबवला, खाली उतरून नंबर फिरवला.

"बोल छोटे."

चार मिनिटांनी, बाईंच्या खोलीत सगळं चिडीचूप असताना, पलीकडे पाचाचे टोले पडले. चौथा घसा बसलेला. फोनशेजारी हिशेबाची वही उघडी होती. त्यांनी सवयीनं लिहिलं: 'अंतर शून्य.' आणि लगेच खोडलं. त्यांना भीती वाटली, नाही असं नाही. पण त्याहून मोठी भीती ही, की काही विचारलं तर ताई "बरं, ठेवते गं" म्हणेल. म्हणून त्यांनी काहीच विचारलं नाही. तासभर बोलल्या, आणि इतकं सुख त्यांना कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

तिसऱ्या रविवारी ताई कशावर तरी खळखळून हसत असताना पलीकडे आतल्या खोलीतून कोणीतरी म्हणालं, "ठेव ना ताई आता. चहा गार होतोय."

"आले आले," ताई म्हणाली, आणि फोन ठेवला गेला.

ऑफिसात रेकॉर्ड केलेले फोन रोज ऐकावे लागत, त्यामुळे स्वतःचा आवाज बाईंना पक्का ओळखू यायचा. तो आवाज त्यांचाच होता. पण मनाला झोंबलं ते वेगळंच. तो आवाज किती सुखी होता! दुसऱ्या खोलीत ताई आहे, चहाचे दोन कप ओतलेत, एवढ्यावर तृप्त असलेल्या बाईचा आवाज. बाईंना तिचा असा हेवा वाटला, की रिसीव्हर कानाशी धरून त्या कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या.

पुढच्या रविवारी इथलीही घड्याळं पुढे सरकली आणि अंतर पुन्हा सात तासांचं झालं. पाचाला फोन, किल्ल्या, हवापाणी. ताई "बरं," म्हणाली, तेवढ्यात बाई बोलल्या, "ताई, इकडे ये राहायला. कायमची."

किल्ल्या थांबल्या. "सव्वीस वर्षांत कधी म्हणाली नाहीस."

"आता म्हणते."

त्या दिवशी फुलांचं दुकान उशिरा उघडलं.

दुकान दुसऱ्याच्या हाती सोपवून यायला ताईला दहा महिने लागले. आली ती दोन बॅगा आणि असंख्य मतं घेऊन. पडदे तिला पटले नाहीत, बाईंचा चहा म्हणजे गोड पाणी आहे असं तिनं पहिल्याच दिवशी जाहीर केलं, आणि खिडकीजवळची खुर्ची न विचारता बळकावली. दोघी रोज भांडत. बाई ऑफिसातून निघताना जिने धावत उतरू लागल्या, हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

वसंत आला. बाईंनी फळ्यावर लाल चिठ्ठी लावली. घरी आता कसलाच हिशेब उरला नव्हता.

रविवारी पाचाला फोन वाजला. बाई स्वयंपाकघरात होत्या, हात ओले. बाहेर ताईनं उचलला.

"बोल छोटे," ताई म्हणाली. आणि थोडं थांबून, "कसली घाई? वेळच वेळ आहे."

बाईंनी नळ बंद केला. बाहेर टोले पडले. मास्तरीणबाई झाल्या, गळका नळ झाला. "ती सुई मीच मोडली होती गं," ताई म्हणाली आणि हसली.

फोन ठेवल्यावर बाईंनी पदराला हात पुसत विचारलं, "कोण होतं?"

"कोण म्हणजे? छोटी," ताई म्हणाली, आणि पेपरातलं शब्दकोडं पुढे ओढून पेन्सिल शोधू लागली. तिच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. बाई तिच्यासमोर उभ्या होत्या. काही विचारायचं नाही, हे त्या गेल्या वर्षीच शिकल्या होत्या.

दुसऱ्या रविवारी त्या दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. ताई गप्प असायची तेव्हा पलीकडचं वाक्य बाईंच्या ओठांवर आपोआप यायचं. टोले पडले, तेव्हा तिकडे एक लंबक थांबलेला आहे आणि एका वहीत दोन शब्द लिहून खोडले जाताहेत, हे त्यांना ठाऊक होतं.

तिसऱ्या रविवारी बाईंनी ठरवलं होतं, की काही झालं तरी तोंड उघडायचं नाही. बिचारी एकटी आहे. तिच्या वाट्याला या घरातला एवढाच तास. बोलू दे तिला पोटभर. टोले पडून बराच वेळ झाला, तरी बोलणं चालूच होतं. बाईंनी चहा केला, दोन कप ओतून टेबलावर ठेवले, ताईचा कमी साखरेचा. बाहेर ताई खळखळून हसली. आठवडाभरात ती बाईंपाशी असं एकदाही हसली नव्हती. माझी ताई आहे ती, त्यांना वाटलं, माझ्या घरात राहते.

"ठेव ना ताई आता," त्यांनी हाक मारली. "चहा गार होतोय."

आपला आवाज त्यांना स्वतःलाच ऐकू आला. किती सुखी होता!

"आले आले," ताई म्हणाली. रिसीव्हर ठेवल्याचा आवाज झाला. ती आत येऊन बसली, कप ओठांना लावला, आणि चटकन मागे घेतला.

"चांगला वाफाळतोय की गं," ती म्हणाली.