नुसता पाझर

आन्सेल्मोने डॉक्टर सार्तोरीबाईंच्या हातातलं पेन घेतलं आणि रिपोर्टच्या पाठीवर पाण्याचा एक पाट काढला.

"पाणी तोंडाशी शिरतंय, की कडेनं?"

बाईंनी त्या पाटाच्या कडेवर बोट ठेवलं.

"कडेनं. एका बारीक फाट्यातून रक्त उलटं येतंय, आन्सेल्मोदादा. जाळीच्या मागं साचतंय."

चाळीस वर्षं अर्जेंटिनातल्या मेंडोसाच्या द्राक्षमळ्यांना पाळीनं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला आणखी समजावायची गरज नव्हती. पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली म्हणून तीन वर्षांपूर्वी मांडीतून तिच्यात कापडाच्या अस्तराची जाळी बसवली होती. दर वर्षी तपासायला या, असं बजावलंही होतं. पण अस्तर घातलेल्या पाटात बघायचं काय, असं म्हणून हा शहाणा दोन वर्षं इकडं फिरकला नाही. आता साडेपाच सेंटिमीटरचा फुगवटा सातावर गेला होता. फाटा बुजवायचा तर मूत्रपिंडाला धोका, नाही बुजवला तर फुगवटा कधी फुटेल याचा नेम नाही. बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं आणि लगेच भरती व्हायला बजावलं.

परतीच्या बसमध्ये त्याचा डोळा लागला. पॉपलरच्या झाडांच्या रांगांमधून बर्फाचं पाणी हळूहळू येत होतं आणि तो त्याच्या काठाकाठानं चालला होता, अनवाणी, तरुण. पाणी कुठून येतंय हे त्याला कळत होतं. कुठं जातंय ते कळत नव्हतं.

घरी नेलिदा दारातच उभी होती.

"काय म्हणाल्या?"

"नुसता पाझर आहे."

तिचा जीव भांड्यात पडला. पाझर म्हणजे पाटकऱ्याच्या घरातला रोजचा शब्द. बिनपाझराचा पाट दाखव म्हणून तिनं त्याला टोमणाही मारला, 'माते' या कडवट चहासाठी पाणी तापत ठेवलं आणि पिऊन झाल्यावर कित्येक दिवसांनी दुपारची गाढ झोपली.

तो तिच्याशेजारी पडून राहिला. खिडकीच्या झडपांमधून ऊन झिरपत येत होतं, सगळी खोली पाण्याखाली असल्यासारखी हलत होती. अशाच एका दुपारी शेजारच्या मळ्यातल्या पावेसींच्या तळघराची भिंत पाटाच्या पाण्यानं खचली होती. आदल्या दिवशी त्यांनाही तो हेच शब्द बोलला होता. त्याला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा लाज जास्त.

"नेलिदा."

"झोप की, म्हाताऱ्या."

"पावेसींकडे मी काय म्हणालो होतो, आठवतं?"

"नुसता पाझर," ती म्हणाली. मग डोळे न उघडताच तिनं हात त्याच्या पोटावर ठेवला. तळव्याखाली काहीतरी ठोके देत होतं. तिनं हात काढला नाही.

"सोमवारी दवाखान्यात भरती व्हायला जातो," तो म्हणाला. "शनिवारी आपल्या पाण्याची पाळी आहे."

नेलिदा उठून बसली आणि पायांनी चपला चाचपू लागली.

"आज सहाची बस आहे," ती म्हणाली. "शर्ट घाल."