खड्डा, खळगा, खळी

निवडणूक तोंडावर आली की मंत्र्यांना रस्ते दिसू लागतात. या मंत्र्यांना रस्त्यांचे फोटो दिसले. गावभर वापरात असलेल्या एका कंपनीच्या अ‍ॅपवर ज्याने त्याने आपल्या दारातला खड्डा आणून ठेवला होता. काहींनी तर केक कापून त्याचा वाढदिवसही केला होता. मंत्र्यांनी खड्डे बुजवायचे सोडून कंपनीच्या साहेबांना चहाला बोलावलं. कंपनीला नव्या इमारतीसाठी सरकारी जमीन हवी होती, त्यामुळे साहेबांना तो चहा फारच गोड लागला.

दुसऱ्या दिवशी साहेब ताईच्या टेबलापाशी आले. भाषा विभाग म्हणजे एकटी ताई. कुठला शब्द लोकांना दिसावा आणि कुठला नाही, ही किल्ली तिच्या हातात.

"तो 'खड्डा' जरा शांत करा," साहेब म्हणाले. "काढू नका हं. काढला की लोक बोंबलतात. लिहिणाऱ्याला दिसू दे, बाकीच्यांना नको."

ताईला हा प्रकार नीच वाटला. पण नोकरी चांगली होती, आणि चांगल्या नोकरीत मूग गिळायची सवय लवकर लागते. तिने खड्डा शांत केला. लोक 'खळगा' लिहू लागले, तर तिने तोही शांत केला. वर हुशारी दाखवायला त्याची सगळी भावंडं यादीत घातली, आणि गालावरची खळीसुद्धा गडप झाली. बाळांचे फोटो टाकून आया कौतुकाची वाट बघत बसल्या. पोटाची खळगी भरायची कशी, असं विचारणारेही त्यातच गेले. साहेबांना हे विशेष आवडलं.

आपल्याला कोणी विचारत नाही, असं वाटून जो तो शेजाऱ्यावर रुसून बसला.

त्याच आठवड्यात इंटरनेटची केबल टाकायला त्याच कंपनीने ताईच्या धाकट्या बहिणीच्या गल्लीत रस्ता खणला आणि तसाच उघडा टाकून माणसं निघून गेली. धाकटीने संध्याकाळीच अ‍ॅपवरच्या गल्लीच्या पानावर लिहिलं, 'वळणावर मोठा खड्डा आहे, दिवा नाही, जपून.' त्यांचे बाबा पलीकडच्या गल्लीत राहायचे. पहाटे फिरायला निघण्याआधी ते पान वाचायचा त्यांचा नेम होता. त्यांनी पान उघडलं, त्यात काहीच नव्हतं, म्हणून निघाले.

कमरेचं हाड मोडलं.

ताई धावतपळत दवाखान्यात पोचली, तेव्हा बाहेरच्या बाकावर धाकटीची आणि तिच्या समोरच्या घरातल्या काकूंची चांगलीच जुंपली होती.

"गल्लीत एवढा खड्डा, आणि तुला एक ओळ लिहिता येईना?" काकू म्हणत होत्या.

"लिहिली होती. तुम्हीच कोणी वाचली नाहीत. दगड झालात सगळे."

मग फोन बाहेर निघाले. धाकटीच्या फोनवर ती ओळ होती, काकूंच्या नव्हती. दोघींनी फोन शेजारी शेजारी धरून पुन्हा पाहिलं. धाकटीने मान वर केली.

"ताई, हे तुझ्या ऑफिसचं काम ना?"

साहेबांवर ढकलणं सोपं होतं. पण आत बाबा कण्हत होते, आणि ताईची जीभ रेटली नाही.

"मीच केलंय," ती म्हणाली.

धाकटीने फोनवर काहीतरी लिहिलं आणि पाठवलं. ताईने घाईघाईने आपला फोन काढला आणि त्यात बघत राहिली.

"आलं?"

"नाही गं. काहीच नाही आलं."

"येणार कसं," धाकटी म्हणाली. "तोंडानेच सांगते मग. खड्ड्यात जा."