बायकांचं बटन

मित्रांनो, रिमोट म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर टीव्हीचा लांबट रिमोट येईल. तो मी नव्हे. मी व्हिडिओ गेमचा रिमोट. दोन्ही हातांनी धरायचा, दोन शिंगांचा, कासवासारख्या पाठीचा. आता जुना झालो आहे. माझ्या वायरीला तीन ठिकाणी काळी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे आणि एक कड कोणीतरी दातांनी चावलेली आहे. पण मी मोडलेलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्यासाठी हळहळायला आला असाल तर बसा खुशाल, हळहळू मात्र नका.

समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या बाईने माझं प्रत्येक बटन एकेकदा दाबून पाहिलं आणि मला खोक्यात घातलं. माझ्या डाव्या खांद्यावर एक बटन आहे. त्याचं कौतुक झालं ते तेवढंच. पुढे जवळजवळ दोन वर्षं त्याला कोणी मुद्दाम बोट लावलं नाही. मला सांगायचं आहे ते त्याच बटनाबद्दल.

२००४ साली भूपेंद्र नावाच्या एका जवान माणसाने मला आणि माझ्या गेमच्या डब्याला नागपूरच्या बाजारातून उचललं आणि एसटीने जामला आणलं. जामच्या चौकात सगळ्या गाड्या थांबतात. कोणी चंद्रपूरकडे वळतो, कोणी सरळ हैदराबादकडे जातो, आणि चहा सगळ्यांनाच लागतो. त्या चौकाच्या मागे भूपेंद्रने टिनाची शेड उभारली, दोन टीव्ही मांडले, सतरंजी अंथरली. पहिल्या दिवशी त्याने देवाच्या तसबिरीला हार घातला आणि मलाही हळदकुंकू वाहिलं. त्या दिवशी मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. वापरायच्या वस्तूला कोणी हात जोडले की तिला आपलं काम पुण्याचं वाटू लागतं.

शाळा सुटली की पोरं येत. आधी गाड्यांच्या शर्यती होत्या, मग क्रिकेट. आणि मग एक दिवस नव्या खेळाची ती तबकडी आली, जिने साऱ्या जामला वेड लावलं.

त्या खेळात एक शिपाई होता. सुरुवातीला अंगात नुसता सदरा, हातात गंजकी तलवार. रानं, किल्ले, ओसाड गावं तुडवत तो पुढे जाई. लढाई जिंकली की त्याचं बळ वाढे. कुठे शिरस्त्राण सापडे, कुठे चिलखत. प्रत्येक खेळणाऱ्याचा शिपाई वेगळा आणि ज्याने त्याने त्याला आपल्या आवडीचं नाव दिलेलं. रोज जिथवर मजल गेली ते बिस्किटाएवढ्या एका कार्डात साठवून ठेवायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे जाता येई. त्या कार्डात जागा मोजक्या होत्या. कार्डातून पुसलं गेलं की शिपाई मेलाच म्हणायचा.

माझं एक बटन तलवार चालवी, एक उडी मारी. डाव्या खांद्यावरचं ढाल उचली. पण ढाल कोण उचलतो? पोरांना नुसतं हाणायचं होतं. धीरज दहावीत होता आणि शेडमधला सगळ्यात मोठा बहाद्दर. एकदा एका लहान पोराने चुकून ते बटन दाबलं तर धीरज खो-खो हसला.

"काय बे, ढालीमागं लपतं? ते बायकांचं बटन हाय!"

झालं. त्या दिवसापासून माझ्या त्या बटनाचं नाव तेच पडलं. बाकीची बटनं अंगठ्यांनी झिजून गुळगुळीत झाली. हे एकटं करकरीत कोरं राहिलं. मित्रांनो, झिजणं वाईट असं तुम्हाला वाटत असेल. न झिजणं काय असतं ते मला विचारा.

शेडच्या मागच्या टिनाला लागून कांताबाईंचं अंगण होतं. त्या ढाब्यांसाठी मिरची कांडून द्यायच्या. उखळात मुसळ पडल्याचा धप्प, धप्प आवाज टिनातून माझ्यापर्यंत येई. रोज दुपारी आंघोळ-सोवळं करून त्या पोथीचा एक अध्याय वाचत आणि मगच मुसळाला हात लावत. हा नेम त्यांनी तापातही मोडला नाही. त्यांची लेक आचल आठवीत होती. एका दुपारी तीच शेडच्या दारात येऊन उभी राहिली.

"भूपेंद्रभाऊ, आवाज कमी कर ना. आई पोथी वाचून राह्यली."

भूपेंद्रने आवाज कमी केला. आचल मात्र परत गेली नाही. दारातूनच तिने पूर्ण डाव पाहिला, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज तीन वाजता येऊ लागली. आईचा नेम पोथीचा, हिचा माझा. पोट्ट्यांनी नाकं मुरडली. तिने आपल्या शिपायाला आईचं नाव दिलं तेव्हा तर शेड हसून हसून लोळली.

"कांता शिपाई! आता मिरची टाकीन राक्षसाच्या डोळ्यात!" धीरज म्हणाला.

"टाकीन," आचल म्हणाली. "तू पहिले तुह्या डोळ्याले जप."

आठ महिन्यांत तिच्या शिपायाने चिलखत मिळवलं, शिरस्त्राण मिळवलं आणि तो दगडी पुलापर्यंत पोहोचला. त्या पुलावर लोखंड्या उभा होता. सारा लोखंडाचा, ताडासारखा उंच, हातात गदा. खरं नाव काय होतं कोण जाणे, जामने त्याला लोखंड्याच म्हटलं. त्याला ओलांडून पलीकडे कोणीच गेलं नव्हतं. धीरजही तिथेच अडकला होता. तो तलवार घेऊन धावत जाई, चार वार करी, पाचव्याला गदा बसे. मग तो मला सतरंजीवर आपटे.

अशात नवी पोरं येऊ लागली आणि कार्डात जागा उरली नाही. गुरुवारी भूपेंद्रने सांगून टाकलं, "धीरज आणि आचल, तुमी दोघं महिन्याभरापासून पुलावरच बसून आहा. रविवारी दोघायले तीन-तीन संधी. जो पूल पार करीन तो राहीन. दुसऱ्याचा शिपाई पुसतो."

आचलने मला आणखी घट्ट धरलं.

त्या संध्याकाळी तिने पहिल्यांदा माझं डाव्या खांद्यावरचं बटन दाबलं. मला काय वाटलं ते सांगता येत नाही. पण ती ते दाबूनच बसली. ढाल वर ती वरच. लोखंड्या मारत राहिला, शिपायाची ताकद हळूहळू आटत गेली, आणि ढाल फुटली. मागची पोरं हसली. मग तिने गदा येताना पाहून ढाल उचलून पाहिली. गदा दिसेपर्यंत उशीर झालेला असे. एकदाच, चुकून, ढाल आणि गदा नेमक्या क्षणी भेटल्या. खण्ण! ठिणगी उडाली आणि लोखंड्या एक पाऊल मागे झोकांडला. आचल पुढे सरकून बसली. पण पुन्हा ते जमेना.

शुक्रवारी ती आली नाही. टिनापलीकडून मुसळाचा आवाज येत होता आणि त्यात मायलेकींचं बोलणं. कांताबाई कांडत होत्या, आचल दोन घावांच्या मधे हात घालून उखळातल्या मिरच्या आत सारत होती.

"हात काढ वं! बोटं ठेचून घेतं काय? लक्ष कुठी हाय तुह्यं?"

"मुसळाकडेच त पाहून राह्यली."

"मुसळाकडे काऊन पाहतं? मुसळ दिसलं म्हणजे पडलंच. माह्या खांद्याकडे पाह्य. खांदा पडला का मुसळ येते. त्याच्या आंधी हात बाहेर."

धप्प. धप्प. धप्प. मग मुसळ थांबलं.

"काय झालं?" कांताबाईंचा आवाज.

"आई," आचल हळूच म्हणाली, "लोखंड्यालेबी खांदा हाय."

शनिवारी ती आली तीच धावत. हात नीट धुतलेले नव्हते. माझ्या साऱ्या बटनांना तिखट लागलं. तिच्यानंतर धीरजने मला धरलं, डोळा चोळला आणि चौकातल्या नळाकडे पळाला.

"सांगितलं होतं ना, डोळ्याले जप," आचल म्हणाली. मी प्लास्टिकचा असलो तरी मला त्या दिवशी हसू आलं.

रविवारी शेड गच्च भरली. चार वाजता लाईट जाणार होती, म्हणून भूपेंद्रने अडीचलाच सुरुवात केली. आधी धीरज. तिन्ही वेळा तो तुटून पडला. तिसऱ्या वेळी लोखंड्याचा जीव केसाएवढा उरला होता, आणि गदा बसली. त्याने मला आचलच्या पुढ्यात ढकललं.

तिची पहिली संधी घाईतच गेली. खांदा पडण्याआधीच बटन दाबलं गेलं. दुसऱ्या वेळी तिने मला मांडीवर ठेवलं, डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं आणि मला पुन्हा उचललं.

लोखंड्याचा खांदा पडला. बटन. खण्ण!

तो मागे झोकांडला. पुन्हा आला. खांदा. खण्ण! टिनामागे धप्प-धप्प चालू होतं, आणि मला जाणवलं की आचलची बोटं त्याच तालावर आहेत. ती पडद्यावरच्या गदेकडे बघतच नव्हती. प्रत्येक घावाला लोखंड्या एक पाऊल मागे जात होता. तो रागाने दोन्ही हातांनी गदा उगारून आला. बटन. खण्ण! त्याची टाच पुलाच्या काठावरून सुटली, आणि तो ताडासारखा लोखंड्या खाली नदीत गेला.

कोणी टाळी वाजवली नाही. धीरज उभा राहिला.

"हे मारणं थोडी झालं? तो त आपल्यानंच पडला! तलवारीचा एक वार नाई लावला तिनं."

भूपेंद्रने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सगळी पोट्टी धीरजच्या बाजूची. तो डोकं खाजवत म्हणाला, "हं... तसं पाहिलं त वार नाई झाला. आता हे धरायचं कसं? धीरजनं त त्याले केसावर आणलं होतं."

"नेम तुह्याच होता, भाऊ. जो पूल पार करीन तो राहीन," आचल म्हणाली. "मी पूल पार केला."

"लढून, आचल. लढून पार करायचा होता."

मित्रांनो, तेव्हा मला वाटलं ही रडेल. मुकाट मला खाली ठेवील आणि पुन्हा कधी येणार नाही. आठ महिने होते ते! तिने माझ्यावरची बोटं एकेक करून उचलली.

"पुस," ती म्हणाली.

"अं?"

"माह्या शिपाई पुस. तुह्या कार्डातलं तुह्या हातात हाय. माह्या बोटातलं कोन पुसून राह्यलं?"

भूपेंद्रने पुसला. कांता नावाचा शिपाई गेला. आणि त्याच जाग्यावर, त्याच मिनिटाला, मांडी न मोडता आचल म्हणाली, "आता मले कोरा शिपाई दे. अजून लाईट गेली नाई."

भूपेंद्रला नाही म्हणता आलं नाही, रिकामी झालेली जागा त्याने तिलाच दिली. अंगात सदरा, हातात गंजकी तलवार. नाव पुन्हा तेच, कांता. जिथे आठ महिने लागले होते तिथे आता तीन आठवडे लागले, कारण वाटेतल्या प्रत्येक राक्षसाला खांदा होता. तिसऱ्या रविवारी ती पुन्हा पुलावर उभी होती, चिलखत नाही, शिरस्त्राण नाही. पोरं पुन्हा जमली. तिने लोखंड्याचा घावामागून घाव परतवला, त्याला काठावर आणून उभा केला, आणि थांबली. तो झोकांडत असताना तिने गंजक्या तलवारीचा एक वार केला. एकच.

"हा घे, भाऊ," ती म्हणाली. "हा तुह्या लढण्यासाठी."

लोखंड्या खाली गेला. या वेळी कोणी हरकत घेतली नाही. सगळे घरी गेले तरी धीरज मात्र मागे राहिला. बराच वेळ वायर गुंडाळण्याचं नाटक करून त्याने विचारलं, "ते बटन... कवा दाबते वं?"

"कोन्तं बटन? नाव घे."

धीरजचे कान लाल झाले. "बायकांचं," तो पुटपुटला.

"खांदा पडला का," आचल म्हणाली, आणि मला त्याच्या हातात दिलं.

पुढे मोबाईल आले, शेडमध्ये रिचार्जचं दुकान झालं, गेमचा डबा भंगारात गेला. मलाही टाकणार होते. आचलने मला मागून घेतलं. आता मी कांताबाईंच्या घरात मिरचीच्या डब्याशेजारी असतो. गेमचा डबा नाही, टीव्ही नाही, म्हणून कोणी मला निकामी म्हणतं. म्हणू द्या.

मित्रांनो, वस्तू जपा. वायर ओढू नका, धूळ पुसत जा, हरलात तर राग माझ्यावर काढू नका. पण जपणं म्हणजे कपाटात बंद करणं नव्हे. ज्याला कोणी हसून नाव ठेवलं असेल, त्याला हात लावून पाहा. आणि कोणी तुमची आठ महिन्यांची कमाई पुसलीच, तर त्याला पुसू द्या. उठू नका. तिथेच बसा आणि कोरा शिपाई मागून घ्या.