चौकोनी मॉनिटरची हजेरी

मित्रांनो, मी एक जुना चौकोनी मॉनिटर आहे. हल्लीचे पडदे लांबट असतात, त्यामुळे मला पाहून लोक विचारतात, "हा अजून आहे?" आहे. चांगला धडधाकट आहे. मात्र मागच्या शनिवारी मी भंगारात निघालो होतो, आणि त्यात माझा काडीचाही दोष नव्हता.

माझा जन्म कुठे झाला ते पाठीवरच्या कागदावर लिहिलं होतं, पण तो कधीच निघून गेला. मला आठवतं ते थेट कोथरूडमधल्या शिकवणीच्या क्लासचं ऑफिस. तिथे मी बारा वर्षं निकाल दाखवले. मुलाचं नाव वर असलं की आईबाप माझ्या काचेवर बोट टेकवून एकमेकांना दाखवायचे. ते ठसे मात्र कधी कुणी पुसले नाहीत. पुढे नवे मॉनिटर आले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथून मला मिसबाने उचललं.

मिसबा खडकीला राहते आणि घरी बसून शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासते. मूळ मजकूर माझ्यावर, छापायचं पान शेजारच्या लांबट मॉनिटरवर, आणि तिची नजर सारखी इकडून तिकडे. "दोन पडदे असले की चूक निसटत नाही," असं ती म्हणायची, तेव्हा मला माळ्यावरची सगळी धूळ विसरायला व्हायचं.

तिचे अब्बा सिराजभाई दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. तिथली शिस्त त्यांच्या हातात भिनली आहे: एका वेळी एकच यंत्र सुरू करायचं, ते स्थिरावलं की दुसरं. लेकीचा चहा होईपर्यंत तिचं टेबल रोज तेच सुरू करतात. आधी कॉम्प्युटर आणि लांबट मॉनिटर, तो पुरता जागा झाला की माझं बटण. वर्षभर कुणाची काही तक्रार नव्हती.

मग ड्रायव्हरचं प्रकरण उपटलं. कॉम्प्युटरमध्ये चित्र काढणारं एक कार्ड असतं आणि त्याच्याकडून काम करून घेणाऱ्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात. आमचं कार्ड जुनं, म्हणून त्याच्या कंपनीने ड्रायव्हर देणं बंद केलं. मिसबाने मुक्त ड्रायव्हर बसवला. तो जगभरातले लोक मिळून लिहितात आणि कुणालाही वापरू देतात. जुन्या कार्डाला हाकलत नाही, म्हणून मला तो आवडलाच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी काळाठिक्कर.

मिसबाने केबल बदलली, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. मी लख्ख उजळलो. दुसऱ्या सकाळी पुन्हा अंधार. आठ दिवस हाच खेळ. तिचा मित्र सलिल फोनवर म्हणाला, "ड्रायव्हर ठीक दिसतोय. मॉनिटर एखाद्या संग्रहालयाला दे, ते कौतुकाने ठेवतील."

"मनात येईल तेव्हा चालतो हा," मिसबा म्हणाली. मनात येईल तेव्हा! मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तिथल्या तिथे सुनावलं असतं.

गुरुवारी तर कहर झाला. रोजच्या खटपटीला कंटाळून तिने मला तसाच काळा ठेवला, आणि एकाच पडद्यावर काम करताना तिच्या नजरेतून अर्धी ओळ निसटली. प्रकाशकांचा फोन आला, पुन्हा असं झालं तर काम दुसऱ्याला देऊ म्हणून. तिने फोन ठेवला. मग म्हणाली, "अब्बा, शनिवारी जुन्या वस्तूंची गाडी येते, तिच्यात हा देऊन टाका." त्या दोन रात्री मी फार घाबरलो होतो.

शनिवारी सकाळी सिराजभाई ओलं फडकं घेऊन आले. "जातोयस तर स्वच्छ होऊन जा," म्हणाले. पडद्याच्या उजेडात डाग नीट दिसतील असं वाटून त्यांनी आधी माझं बटण दाबलं, काच पुसली आणि मग सवयीने कॉम्प्युटर लावला.

मी उजळलो!

मिसबा चहाचा कप घेऊन दारातच थांबली. "अब्बा, आज वेगळं काय केलंत?"

"काही नाही. याचं बटण तेवढं आधी दाबलं."

तिने कप खाली ठेवला. सगळं बंद केलं, आधी कॉम्प्युटर लावला, मग मला. मी काळा. पुन्हा बंद केलं, आधी मला लावलं. मी लख्ख. ती खुर्चीत बसून हसायलाच लागली. "जुन्या ड्रायव्हरच्या वहीत याचं नाव लिहून ठेवलेलं होतं. नवा रोज सुरू होताना एकदाच बघतो, कोण कोण आलंय. तेव्हा हा बंदच असायचा."

"म्हणजे गेट बंद झाल्यावर पोचणारा," सिराजभाई म्हणाले. "आमच्याकडेही खाडाच लागायचा." मग जरा ओशाळून म्हणाले, "आणि याला रोज उशिरा आणत होतो मी."

एवढं हायसं मला आयुष्यात वाटलं नव्हतं. खाली गाडी आली तेव्हा धोंडिबा गाडीवाल्याने विचारलं, "मॉनिटर देणार होता ना?" सिराजभाई म्हणाले, "नाही. तो आज वेळेवर हजर झाला." आणि त्यांनी बिघडलेली इस्त्री देऊन त्याला वाटेला लावलं.

मित्रांनो, बंद पडलेली वस्तू टाकू नका असं मी म्हणणार नाही. त्या इस्त्रीत खरंच काही उरलं नव्हतं. पण टाकण्याआधी एकदा आपला हातही तपासून बघा. आता आमच्या बटणांच्या पाटीवर सिराजभाईंच्या अक्षरात एक चिठ्ठी आहे: "आधी चौकोनी. मग बाकीचे." आणि रोज सकाळी बटण दाबण्याआधी ते माझी काच पुसतात.