हार्मचं रक्त

हार्म डाइकहाउसच्या हाताची शीर सापडणं फार कठीण असायचं. रक्ताचा कर्करोग झाला तेव्हा त्याला एका अनोळखी जर्मन माणसाच्या मूळपेशी दिल्या होत्या. कर्करोग हटला, पण मग त्या परक्या पेशी हार्मच्याच कातडीवर उलटल्या. कातडी लाकडासारखी घट्ट झाली. मूठ वळेना, तोंड पुरतं उघडेना. त्याची बायको फेम्मा पावाचे बोटाएवढे तुकडे करून द्यायची.

अशा माणसाला मी, तिथली परिचारिका, दर तपासणीला सुया टोचायचे. उपचारापुरतं रक्त घेऊन झालं की वर आणखी एक नळी, संशोधनासाठी. देशातल्या सगळ्या प्रत्यारोपण केंद्रांनी मिळून अशा रक्ताचा साठा उभारला होता. कुठल्याही संशोधकानं मागावं आणि त्याला मिळावं, म्हणून. मी कधी म्हणायचे, आज राहू दे. तर तो म्हणायचा, "घे गं पोरी. मला नाही तर पुढच्याला."

तो गेल्यावर फेम्मा साठ्याच्या समितीवर आली, रुग्णांच्या बाजूनं. आयुष्यभर शाळेत मुख्याध्यापिका होती. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज तिनं निवृत्तीनंतरही सोडला नव्हता. मी परिचारिकांच्या वतीनं तिच्या शेजारी बसायचे.

समितीचे अध्यक्ष प्रोफेसर फान उल्सेन. नळ्या गोठवून ठेवलेल्या होत्या आमच्या रुग्णालयात, त्यांच्याच विभागात, त्यामुळे साठा सगळ्यांचा आणि किल्ली त्यांची, असा कारभार. एका बैठकीत कॉफी पिता पिता त्यांनी एकेक अर्ज हातावेगळा केला. मधेच म्हणाले, गेंटच्या बाईंची मागणी पुन्हा आली आहे, पुन्हा नाही म्हणून कळवू. आणि पान उलटलं.

फेम्मानं विचारलं, पुन्हा म्हणजे?

मग हळूहळू बाहेर आलं. शेजारच्या देशातल्या गेंट शहरातल्या लोरे नावाच्या संशोधिकेला शंका होती की कातडी कडक होण्याच्या कितीतरी आधी रक्तात त्या दुखण्याची खूण दिसते. तिच्याकडच्या मोजक्या रुग्णांत तिला ती दिसलीही होती. खात्री करायला पुष्कळ रुग्णांचं रक्त हवं होतं, आणि ते आमच्याकडे होतं. खूण खरी ठरली असती तर हार्मसारख्या माणसाला वेळेवर औषध सुरू करता आलं असतं. नकाराचं कारण विचारलं तर प्रोफेसर म्हणाले, त्याच विषयावर आमचा गटही काम करणार आहे. कधीपासून करणार आहे, हे फेम्मानं विचारलं. त्यावर एक डॉक्टर कपात बघत बसला.

"फेम्मा, तुमचं दुःख मी समजू शकतो," प्रोफेसर म्हणाले. "पण विज्ञान असं घाईनं चालत नाही."

"माझं दुःख बाजूला ठेवा," ती म्हणाली. "हार्मनं ते रक्त तुम्हाला दिलं नव्हतं. पुढच्या रुग्णाला दिलं होतं. तुम्ही फक्त मधे उभे होता."

प्रोफेसरांचा चेहरा आक्रसला. अगदी सौम्य आवाजात ते म्हणाले, तुम्ही समाधानी नसाल तर संमती मागे घेण्याचा हक्क तुम्हाला आहे; तुमच्या यजमानांच्या नळ्या आम्ही नष्ट करू.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. कुणीतरी तोंडावर थुंकावं तसं वाटलं. त्या माणसाच्या हातात मी पुन्हा पुन्हा सुई घातली होती, त्याचे ओठ दुखण्यानं आवळलेले बघितले होते. आणि त्याच्या बायकोला मिळणारा एकमेव हक्क कोणता, तर ते सगळं कचऱ्यात टाकण्याचा. गेंटला पाठवा असं सांगण्याचा नाही.

फेम्मा उठली, कोट चढवला. मी तिला बाहेर गाठलं तेव्हा ती सायकलचं कुलूप काढत होती. "वर्गातली खेळणी एकट्याच्या मांडीखाली घेऊन बसणारी पोरं मी पुष्कळ पाहिलीत," ती म्हणाली. "पण ती पाच वर्षांची असतात."

रुग्णांच्या वार्षिक मेळाव्यात प्रोफेसर दरवर्षी पाहुणे म्हणून येत आणि रुग्णांच्या औदार्याबद्दल बोलत. त्या वर्षीही बोलले. ते बसले तशी फेम्मा उठली आणि माईक न घेता काय घडलं ते सांगितलं. नळ्या नष्ट करण्याची गोष्ट आली तेव्हा व्हीलचेअरमधली एक बाई म्हणाली, "माझ्याही नळ्या आहेत तिथे. त्या गेंटला का गेल्या नाहीत, ते मला सांगा." तिच्यामागून एकेक जण हेच विचारू लागला. मीही उभी राहिले. नोकरीचं काय होईल ते होवो, आणखी किती जणांना खोटं सांगून टोचायचं?

दुसऱ्या केंद्रांतले लोकही तिथे होते. आपण पाठवलेलं रक्तही असंच अडकून पडलंय, हे त्यांना तिथे कळलं. त्यांनी नियम बदलायला लावले. आता सगळ्या केंद्रांची मंडळी मिळून ठरवतात, नकार द्यायचा तर कारण सांगावं लागतं, आणि 'आम्ही करणार आहोत' हे कारण चालत नाही. नळ्या बर्फाच्या पेट्यांतून गेंटला गेल्या. हार्मच्याही.

हे कळवायला फेम्मानं लोरेला फोन केला तेव्हा ती तिथे नव्हती. वाट बघण्यातच तिची नेमणूक संपली होती. आता ती एका शाळेत जीवशास्त्र शिकवते. तिचं काम तिच्या सहकाऱ्यानं पुढे नेलं आणि खूण खरी निघाली. आमच्याकडे आता त्या तपासणीवरून औषध लवकर सुरू होतं.

प्रोफेसर फान उल्सेन यांना गेल्या वर्षी एका परिषदेत संशोधनातील सहकार्यावर भाषण करायला बोलावलं होतं. टाळ्या जोरात झाल्या. फेम्मा पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसली होती. मीही.