दोन इंचांची वाढ

सन २०१३ च्या फेब्रुवारी महिन्यात, विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तर भागातील लेक नोरा या गावी, तळे गोठलेले असताना आणि मासेमारांच्या झोपड्या बर्फावर उभ्या असताना, जिल्ह्याचा वजनमापे निरीक्षक डेल ब्रुमर याने नव्याने जोडीदारीण शोधण्याचे ठरविले. त्याचे वय पन्नाशीला टेकले होते. बायको घटस्फोट घेऊन मिलवॉकीला गेली, त्यालाही बराच काळ लोटला होता. मागणी फार मोठी नव्हती. संध्याकाळी घरात आपल्याखेरीज आणखी एका माणसाने बोलावे, आणि ते माणूस टीव्हीतले नसावे, इतकेच त्याला हवे होते.

आमच्या गावात एकट्या बाईची ओळख होण्याच्या जागा दोनच: चर्च आणि बोलिंगचा हॉल. दोन्हीकडे येणाऱ्या बायकांना डेल शाळेपासून ओळखत होता, आणि दुर्दैवाने त्याही त्याला. म्हणून तो संगणकाकडे वळला. संकेतस्थळ हा शब्द जुन्या काव्यात प्रेमिकांच्या गुप्त भेटीच्या जागेसाठी येतो. आज तो अर्ज भरण्याच्या जागेलाही लावतात. डेलच्या वाट्याला प्रथम दुसरा अर्थ आला.

पेट्रोलपंप तपासावेत तशा त्याने या साईट तपासल्या. ‘फुकट’ हा शब्द त्याच्या लेखी एक माप होते आणि ते भरले पाहिजे असा त्याचा आग्रह होता. पहिल्या साईटवर नाव घालणे फुकट, पत्र पाठविणेही फुकट. आलेले उत्तर मात्र धुक्यात बुडवून ठेवलेले असे, आणि धुके हटविण्याचे पैसे पडत. दुसरीवर पहिला महिना फुकट होता, पण कार्डाचा नंबर आजच द्यायचा होता. “हे फुकट असेल तर माझा ट्रक सायकल आहे,” असे म्हणून त्याने दोन्हीकडचे नाव काढून टाकले. नाव घालण्यापेक्षा ते काढणेच कष्टाचे निघाले. तिसरी साईट रंग उडालेल्या पाटीसारखी ओबडधोबड होती, परंतु खरोखर फुकट होती.

तेथे त्याने खरी माहिती भरली. उंची पाच फूट सात इंच. बांधा साधारण. केस कमी. छायाचित्र पंपाशेजारी उभे राहून काढलेले, हातात मापाचा डबा. ज्यात तो एकटाच आहे असे त्याच्यापाशी तेवढे एकच होते. मग त्याने पुष्कळ बायकांना सभ्य आणि व्याकरणशुद्ध पत्रे लिहिली. मार्च उजाडला तरी एकीचेही उत्तर आले नाही.

त्याची थोरली बहीण बॉनी गावात केस कापण्याचे दुकान चालविते. खुर्चीत बसवून गळ्याभोवती कापड आवळल्यावर तिने त्याचा फोन मागितला.

“दाखव बघू, काय दिवे लावलेस ते.” तिने वाचले आणि कपाळाला हात लावला. “अरे देवा! पाच सात?”

“आहेच मी पाच सात.”

“आहेस रे, पण लिहितं का कोणी? तो स्टॅन माझ्या या खुर्चीत बसला की पाय लोंबकळतात त्याचे. तुझ्या त्या साईटवर सहा फूट आहे!”

“ते त्याचं पाप.”

“पाप त्याचं, भोगतोयस तू. बायका काही बावळट नाहीत. प्रत्येकाचे दोन इंच वजा करूनच वाचतात. तुझ्या सातातून दोन गेले, उरले पाच. खरं बोलून बुटका झालास!”

“त्यांनी वजा करू नयेत.”

“बरं, एखाद्या दुकानाचा काटा नेहमी दोन पौंड जास्त दाखवतो असं कळलं, तर काय करतोस तू?”

“लाल चिठ्ठी लावून बंद करतो.”

“मग लाव सगळ्या बायकांना लाल चिठ्ठ्या! अरे, लग्न जमवायला निघालायस का जप्तीला?”

बॉनीच्या म्हणण्यात तर्क होता, हे मान्य केले पाहिजे. जेथे सर्वजण एकाच प्रमाणात खोटे बोलतात, तेथे ते खोटे हीच भाषा ठरते, आणि खरे बोलणारा परभाषेत बोलत असतो. तथापि वाचणारी प्रत्येक बाई एकाच रीतीने वाचते, हे त्यात गृहीत धरलेले होते, आणि ते कोणी तपासले नव्हते. ज्याचा धंदाच तपासण्याचा, त्यानेही नाही. मान खाली आणि कात्री कानाशी अशा अवस्थेत डेल एवढेच म्हणाला, “कर तुला काय करायचं ते.” बॉनीने ओल्या बोटाने साताचे नऊ केले.

त्याच आठवड्यात उत्तर आले. लिहिणारी मार्लीस हौग ही शेजारच्या जिल्ह्यातली, शाळेची बस चालविणारी विधवा. मजकूर दोन ओळींचा होता: पंप तपासणारे ते तुम्हीच का? शुक्रवारी मासे खायला याल का?

“बघ!” बॉनी म्हणाली. “आता उंच टाचेचे बूट घाल. तिच्या आधी जाऊन बस, आणि उठू नकोस.”

“जेवण झाल्यावर?”

“तोपर्यंत आवडलेला असशील तिला, गाढवा.”

डेल तळ्याकाठच्या खानावळीत लवकर गेला, पण नेहमीच्याच बुटांत, आणि बसला नाही. ईस्टरपूर्वीच्या उपवासाचे शुक्रवार, मांस वर्ज्य पण मासे चालणारे, असल्याने गर्दी होती. मार्लीस आली, ती त्याच्याहून बोटभर उंचच होती. तिने अंगातला कोट काढण्याआधीच तो म्हणाला, “मी पाच सात आहे.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “बसा.”

“माहीत कसं?”

“तुम्ही पाच सात होता तेव्हापासून बघतेय तुमचं पान. तिथे सगळे ताडमाड, आणि त्यांत हा एक पाच सात. म्हटलं, एक तरी खरा दिसतोय. तुम्ही मला लिहिलंही होतंत, आठवतं? छान लिहिलं होतंत. मी आज देऊ, उद्या देऊ करत उत्तर दिलं नाही, तो माझा आळस. आणि सोमवारी बघते तर तुम्ही वाढलेले! या वयात? असा राग आला म्हणता! त्या रागातच लिहिलं.”

“माझ्या बहिणीनं—” डेलने सुरुवात केली आणि थांबला. “नाही. बोट तिचं होतं, पण परवानगी माझी.”

“कशासाठी पण?”

“कोणी उत्तरच देत नव्हतं.”

मासे आले, बटाट्याची घावने आली. डेलने वजाबाकीचा सगळा सिद्धांत क्रमवार मांडला. त्याचा मासा निवत होता. मार्लीसचा निवत नव्हता, कारण ती खात होती.

“म्हणजे मी दोन वजा करीन, म्हणून तुम्ही आधीच दोन मिळवलेत?”

“हो.”

“आणि मी वजा केलेच नसते तर?”

“तर मी खोटा.”

“नव्हतेच केले.”

डेलने काटा खाली ठेवला. “मग मी खोटा,” तो म्हणाला. पुढे त्याने काहीही जोडले नाही. मार्लीसने कोबीची वाटी त्याच्याकडे सरकविली आणि आपल्या बसमधल्या मुलांबद्दल बोलू लागली. डेल ऐकत राहिला. त्याने घरी जाण्याची घाई केली नाही, आणि तिनेही नाही.

शेवटी वाढणारी बाई टेबलाशी आली. “बिल एकत्र करू का वेगळं?”

डेलचा हात खिशाकडे गेला. मार्लीसने त्याला थांबविले.

“आज वेगळं,” ती त्या बाईला म्हणाली. “यांनी दोन इंच खोटे सांगितले होते. पुढच्या शुक्रवारी एकत्र.”